गाडीच्या पारदर्शक फिल्मची उस्तवार

भगिनींनो, चांदीची भांडी, रेशमी साड्या, लोणच्याच्या बरण्या यांच्या निगेविषयी आपण पुष्कळ बोललो. पण दिवस बदलले तशी तुमची पत्रंही बदलली. हल्ली टपालात एखादं तरी पत्र गाडीबद्दल असतंच, आणि तेही ‘ह्यांच्या’ गाडीबद्दल नव्हे, स्वतःच्या! वाचताना बरं वाटतं.

असंच एक पत्र सांगलीहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई शाळेत शिक्षिका आहेत. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांनी स्वतःच्या नावावर पांढरी गाडी घेतली. हप्तेही त्यांच्याच पगारातून जातात. गाडीचा रंग टिकावा म्हणून वरून पारदर्शक फिल्म बसवून घेतली, तिला ८५ हजार रुपये पडले. घरात सगळ्यांनी नावं ठेवली, “गाडीला कसला रेनकोट?” म्हणून. आणि आता पाच महिन्यांतच बॉनेट धुरकट दिसू लागलं आहे, कडेकडेने पिवळट रेघा उमटल्या आहेत. फिल्मवाला म्हणतो, धुण्यात चूक झाली. यजमान रोज गाडी पुसणाऱ्या मुलाला काढायला निघालेत. सासूबाई म्हणतात, पैसे पाण्यात गेले. बाईंनी शेवटी विचारलं आहे, “फिल्म गेलीच का? आणि चूक कुणाची?”

बाई, धीर धरा. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून फिल्म गेली आहे असं मुळीच वाटत नाही. ती मळली आहे. मळणं आणि जाणं यात फरक आहे, तो स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला वेगळा समजावून सांगायला नको. स्टीलच्या पातेल्यावर पांढरे डाग पडले म्हणून पातेलं कुणी टाकून देत नाही.

आधी ही फिल्म म्हणजे काय ते थोडक्यात पाहू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. दुकानात हिला ‘पीपीएफ’ म्हणतात. चांगली फिल्म ‘टीपीयू’ नावाच्या लवचीक प्लास्टिकची असते. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे आपले दोन-तीन केस एकावर एक ठेवले तर जेवढे होतील तेवढी. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनच भरतात, तेव्हा रंगापेक्षा पांघरूणच जाड म्हणायचं. खाली चिकट थर, मध्ये हे प्लास्टिक आणि सर्वांत वर एक अगदी पातळ गुळगुळीत लेप. असल्या फिल्मचा उगम युद्धात आहे. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकन हेलिकॉप्टरांची पाती वाळूने आणि खड्यांनी झिजत, त्यांच्यावर ही चिकटवत असत. तिथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आली, आणि मग आपल्या दारात.

यातला सगळा जीव असतो तो त्या वरच्या पातळ लेपात. चकाकी त्याचीच. पाणी मोत्यासारखं घरंगळून जातं तेही त्याच्यामुळे, आणि बारीक चरे ऊन लागल्यावर आपोआप भरून येतात ती करामतही त्याचीच. तेव्हा फिल्मची निगा म्हणजे त्या लेपाची निगा. तो एकदा खरवडला गेला की खालचं प्लास्टिक शाबूत असूनही फिल्म म्हातारी दिसायला लागते.

आता सांगलीच्या बाईंचा धुरकटपणा. त्यांनी पत्रात सहज लिहून टाकलं आहे की गाडी धुवायला बोअरचं पाणी वापरतात आणि साबण म्हणून कपड्यांची पावडर. रोगाचं निदान त्यातच आहे! बोअरचं पाणी जड असतं. त्यात क्षार असतात. गीझरच्या आत, नळाच्या तोटीवर, कुकरच्या तळाशी जो पांढरा थर धरतो तोच थर गाडीवरही धरतो. थेंब उन्हात वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. रोज थोडे थोडे. वरून कपड्यांची पावडर! ती तेलकट मळ काढण्यासाठी केलेली असते, चांगलीच खारट आणि झोंबरी. तिने लेपाची चकाकी मारली जाते, आणि नीट खळबळलं नाही तर तिचाही पांढुरका थर बसतो. भांड्यांची वडी आणि घासणी तर गाडीजवळ नेऊच नका. त्या वडीत घासून काढणारी पूड असते, ती लेपावर चालवणं म्हणजे आरशाला राखेने घासणं.

उपाय घरातच आहे. साधा पांढरा व्हिनेगर घ्या, तेवढंच पाणी त्यात घाला. आधी गाडी धुऊन वरची धूळ काढून टाका. मग सावलीत, बॉनेट हाताला गार लागत असताना, मऊ फडकं या पाण्यात भिजवून तळहाताएवढ्या जागेवर टेकवून ठेवा. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं. मिनिटभराने हलकेच पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन काढा. तेवढी जागा उजळली तर रोग क्षारांचाच होता, मग त्याच रीतीने थोडं थोडं करत सगळं बॉनेट करा. एका दमात सगळ्या गाडीला व्हिनेगर फासून चहा प्यायला जाऊ नका. लिंबू पिळून थेट चोळण्याची युक्ती कुणी सांगेल, तीही नको. रसात किती आंबटपणा आहे याचा अंदाज राहत नाही, आणि उन्हात ते वाळलं तर नवाच डाग.

व्हिनेगरने काहीच फरक पडला नाही तर मग लेपावर बारीक चरे आहेत असं समजा. गाडी उन्हात उभी करून पाहा, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेघोटी दिसेल. याला उपाय म्हणजे ऊब. उन्हाळ्यात सांगली-सोलापूरकडे, नागपूरकडे तर विचारूच नका, गाडी दुपारी दोन तास उन्हात ठेवली की पुरे. पावसाळ्यात किंवा थंडीत अंघोळीला काढतो तसं कढत पाणी मगाने हळूहळू त्या जागेवर ओता. हाताला सोसवेल इतपतच, उकळतं नव्हे. बारीक रेघा डोळ्यांदेखत विरघळतात, मुलांना बोलावून दाखवण्यासारखी गंमत आहे ती! अर्थात नखाला लागणारी खोल चीर अशी भरून येत नाही. ती तशीच राहू द्या, किंवा फार डोळ्यांत येत असेल तर तेवढ्याच भागाची फिल्म बदलून मिळते. एका चिरेसाठी सगळी गाडी नव्याने मढवायला सांगणाऱ्याकडून सरळ बाहेर पडा.

कडेच्या पिवळ्या रेघांचं कोडं जरा वेगळं. फिल्मची कड जिथे संपते तिथे केसाएवढी पायरी असते. तिथे धूळ, मेण, पॉलिश जाऊन बसतं आणि पांढऱ्या गाडीवर ते उठून दिसतं. लहान मुलाचा मऊ दात घासायचा ब्रश गाडीच्या शाम्पूच्या पाण्यात बुडवा आणि कडेच्या बाजूबाजूने, कडेला समांतर, अलगद फिरवा. कडेखाली शिरेल असा आडवा मारू नका, नाहीतर कड उचलली जाईल. रेघ निघाली तर मळ होता. निघाली नाही, तर गाडीचं दार उघडा. आतल्या चौकटीवर बहुधा फिल्म नसते. तिथला पांढरा रंग आणि बाहेरचा पांढरा रंग शेजारी शेजारी पाहा. सगळा बाहेरचा भागच पिवळसर वाटला तर मात्र फिल्ममध्येच खोट आहे. स्वस्तातली फिल्म कित्येकदा टीपीयूची नसून पीव्हीसीची असते, ती आपल्या उन्हात लवकर पिवळी पडते आणि कडक होते. अशा वेळी बिल आणि हमीचं कार्ड घेऊन तडक दुकान गाठा. पिवळेपणा, तडे, फुगे, कडा सुटणं या गोष्टी बहुतेक हमीपत्रांत धरलेल्या असतात. चुकीच्या धुण्याने झालेलं नुकसान मात्र धरलेलं नसतं, म्हणून तर दुकानदार आधी तुमच्या बादलीकडे बोट दाखवतो! जिने अजून फिल्म बसवलेली नाही तिने बिलावर फिल्मचं नाव, ती टीपीयू आहे हे, आणि रोलचा क्रमांक लिहूनच घ्यावा. तोंडी सांगितलेल्या हमीला काही अर्थ नाही. बसवल्याच्या दिवशीच मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवावेत.

पण सांगलीच्या पत्रात आणखी एक ओळ आहे, ती वाचून मला हसू आलं आणि उलगडाही झाला. बॉनेटच्या मधोमध एक लालसर-पिवळा डाग आहे, तो दसऱ्यापासून दिसतो म्हणे. अहो, तो पूजेचा! आपल्याकडे गाडीवर ओल्या हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढतात, आणि ते देवाचं म्हणून आठ-आठ दिवस पुसत नाहीत. हळदीचा रंग फिल्मच्या लेपात मुरतो. सुदैवाने हळदीचा रंग उन्हात विटतो. साडीवरचा हळदीचा डाग उन्हात वाळवून घालवतो ना, तसंच इथे. शाम्पूच्या पाण्याने अलगद धुवा आणि गाडी काही दिवस उन्हात उभी करा. कपड्यांची पावडर लावली तर डाग एकदम लाल होईल, दचकू नका. हळदीला चुना लावून कुंकू करतात तोच प्रकार. कुंकवात बाजारी रंग असेल तर तो मात्र उन्हाने सहजी जात नाही. तेव्हा पुढच्या दसऱ्याला स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढा. काचेला काही होत नाही, आणि पूजाही यथासांग होते. सासूबाईंना बॉनेटवरच हवं असेल तर विड्याचं पान ठेवा आणि त्यावर कुंकू वाहा. त्यांचं मन मोडायचं काहीच कारण नाही. झेंडूचं तोरण दोऱ्याने बांधा, चिकटपट्टीने नको. लग्नाच्या वरातीसाठी कुणी गाडी मागितली तर हीच गोष्ट फुलवाल्याला आधी बजावा, कारण चिकटपट्टी ओढून काढताना ती फिल्मच्या कडेवर असली तर कडही तिच्याबरोबर निघते.

रंगपंचमीचंही असंच. कोरडा रंग हाताने झटकू किंवा पुसू नका, आधी भरपूर पाणी सोडा.

आता त्या मुलाकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. सकाळी सहाला येणारा, एक बादली आणि एक फडकं घेऊन वीस गाड्या पुसणारा मुलगा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तिसऱ्या गाडीपर्यंत त्याच्या बादलीतलं पाणी चहासारखं झालेलं असतं. पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीवर फिरते. कोरड्या धुळीवर ओलं फडकं ओढणं म्हणजे पॉलिश पेपर ओढण्यातलाच प्रकार. हे सगळं खरं. पण त्याला बादली कुणी दिली? एकच का दिली? आणि गाडी रोज पुसलीच पाहिजे हा नियम कुणाचा? आपलाच! गाडीवर नवी फिल्म आहे, तिला वेगळी रीत लागते, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. त्याला काढून टाकलं तर उद्या दुसरा येईल, त्याच्याही हातात तीच बादली असेल. तेव्हा बाई, यजमानांना माझा निरोप द्या: मुलाला काढू नका, काम बदला. रोजचं पुसणं बंद करा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, नीट धुणं. पगार तोच ठेवायचा, कारण आता काम कमी दिवसांचं असलं तरी नेटकेपणाचं आहे. एक रविवार त्याच्याबरोबर उभं राहून रीत दाखवा. पुढे तो तुमच्यापेक्षा चांगलं करेल.

रीत अशी. गाडी सावलीत, पत्रा गार. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं स्वच्छ पाणी. शाम्पू गाडीचाच, आणि बाटलीवर ‘पीएच न्यूट्रल’ असं लिहिलेला. किती घालायचा ते बाटलीवर असतं, आपण मुठीने घालायचं नाही. आधी गाडी नुसत्या पाण्याने भिजवून धूळ-माती वाहून जाऊ द्यायची. मग मायक्रोफायबरचा हातमोजा किंवा जाड मऊ फडकं शाम्पूत बुडवून टपापासून खाली यायचं. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, शेवटी खालची पट्टी. एक भाग झाला की फडकं आधी स्वच्छ पाण्याच्या बादलीत खळबळायचं आणि मगच पुन्हा शाम्पूत. चाकांचं फडकं वेगळं, ते गाडीच्या अंगाला लागता कामा नये. देवाची आणि ओट्याची फडकी आपण कधी एक करतो का? साबण वाळायच्या आत धुऊन टाकायचा आणि कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं. शेवटचं पाणी जमलं तर पिण्याच्या नळाचं किंवा आरओचं सांडपाणी सोडून दुसरं कुठलंही गोडं पाणी असावं. आरओचं सांडपाणी वाया जाऊ नये हा विचार चांगला, पण त्यात क्षार अधिकच असतात. ते फरशीला वापरा.

“आमच्याकडे आठवड्यातून दोनदा पाणी येतं, गाड्या काय धुता!” असं लातूर-जालन्याकडच्या भगिनी म्हणतील, आणि त्यांचं खरं आहे. नळी सोडून धुतलं तर दहा मिनिटांत शंभर लिटर पाणी सहज जातं. त्यापेक्षा बागेत फवारणीला वापरतात तो दोन लिटरचा हातपंप आणा. दोनदा भरून फवारलं की धूळ मऊ होऊन निथळते, पुढे दोन अर्ध्या बादल्या पुरतात. तेवढंही नसेल त्या आठवड्यात गाडी मळकी राहू द्या. मळकी गाडी बिघडत नाही. कोरडी पुसलेली बिघडते. शेजारणी काही का म्हणेनात.

मात्र काही डाग आठवडाभर थांबत नाहीत. पहिला मान पक्ष्यांच्या विष्ठेचा. ती आंबट असते आणि उन्हात लेपात कोरत जाते. जांभळांच्या दिवसांत तर जांभळा रंगही सोबत. दिसल्या दिवशी काढा, उन्हाळ्यात दिसल्या तासाला. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं नुसतं वर ठेवा, मऊ झालं की उचलून घ्या. पुसू नका, कारण त्यात बारीक खडे असतात. दुसरा मान आंब्याच्या झाडाचा. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे चिकट रस सांडतात, त्यावर धूळ बसून काळी पुटं चढतात. कोमट पाणी आणि शाम्पू दोनदा केलं की निघतात. प्रवासात पुढच्या बाजूला चिकटलेल्या किड्यांनाही हाच उपाय, फक्त घरी पोचल्याबरोबर. झाडाचा चीक, डांबराचा ठिपका असा हट्टी डाग राहिलाच, तर औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून फडक्यावर घ्या, डागापुरतं टिपा आणि लगेच धुवा. कडेजवळ जपून, तिथे ते आत झिरपून डिंक सैल करू शकतं. रॉकेल, पेट्रोल, थिनर हे आपल्याकडचे जुने डांबराचे उपाय पत्र्यावर खपून गेले असतील, फिल्मवर नाही. डिंक आणि लेप दोघांनाही ते बाधतात.

कोकणातल्या भगिनींना दोन शब्द जास्त. खाऱ्या हवेचा थर आणि लाल माती दोन्ही तुमच्या वाट्याला. पावसाळ्यात चाकांच्या मागची चिखलाची पुटं वाळू देऊ नका, आणि समुद्रावरून आलात की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खळबळून टाका.

सर्व्हिसिंगला गाडी देताना फार सावध राहा. तिथे दोन धोके. एक म्हणजे जोराच्या पाण्याची बंदूक. ती दोन फुटांवरून, पंख्यासारखी पसरट धार करून, आणि कडांवर सरळ न मारता चालवली तर हरकत नाही. जवळून कडेखाली धार गेली की फिल्म पोळीच्या पापुद्र्यासारखी सुटते. दुसरा धोका प्रेमाचा! “मॅडम, फुकट रबिंग-पॉलिश करून दिलंय,” असं ते हसत सांगतात. मशीनचं रबिंग फिल्मच्या लेपाला खरवडतं. म्हणून गाडी देतानाच कामाच्या कार्डावर त्यांच्याच हाताने लिहून घ्या: “गाडीवर पीपीएफ आहे, रबिंग-पॉलिश करू नये.” बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं अशा सुरात कुणी बोललं तर बोलू द्या, लिहिल्याशिवाय किल्ली द्यायची नाही.

फिल्मवर वरून ‘सिरॅमिक कोटिंग’ करा म्हणून मागे लागणारेही भेटतील. त्याने पाणी आणि मळ आणखी लवकर घसरतो हे खरं, पण ते काही काळाने पुन्हा करावं लागतं आणि खर्च बराच. माझं मत विचाराल तर नव्या फिल्मला पहिल्या वर्षी त्याची गरज नाही. फिल्मसाठी चालणारं फवाऱ्याचं सीलंट मिळतं, ते दोन-तीन महिन्यांतून एकदा फडक्याने लावलंत तरी भागतं. बाटलीवर घासणारी पूड किंवा पेट्रोलियम द्रव असल्याचा उल्लेख असेल तर ती परत ठेवा. आणि फिल्म बिनचकाकीची, मॅट असेल तर मेण-पॉलिश काहीच नको. तिच्यावर चकचकीत चट्टे उठतात ते उठतात.

ज्यांची फिल्म कालपरवाच बसली आहे त्यांच्यासाठी: पहिले सात दिवस धुऊ नका. खाली पाण्याचे फुगे, दुधाळ ढग दिसतील, ते बसवताना वापरलेलं पाणी असतं, ते काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुकतं. टाचणीने टोचू नका, बोटाने दाबत बसू नका. महिन्यानंतरही फुगा राहिला तर तो हवेचा, तेव्हा दुकानात दाखवा. कडा नखाने उकरायची मुलांना फार हौस असते, त्यांना आधीच तंबी द्या.

गाडीवर कव्हर घालणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की ओल्या गाडीवर घालू नये आणि धुळीच्या गाडीवर तर मुळीच नाही. वाऱ्याने कव्हर हलतं आणि आतली धूळ रात्रभर घासत राहते. मांजरी उबेसाठी बॉनेटवर येऊन बसतात, त्यांना मात्र कव्हर असो-नसो सारखंच. मायक्रोफायबरची फडकी इतर कपड्यांबरोबर धुऊ नका. टॉवेलाचे धागे त्यांत अडकतात. कपडे मऊ करायचं द्रावणही त्यांना घालू नये, ती पाणी टिपेनाशी होतात. जमिनीवर पडलेलं फडकं धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावायचं नाही, हा एक नियम त्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगा.

राहता राहिला फिल्म काढण्याचा प्रश्न. चांगली फिल्म पाच ते दहा वर्षं राहते, पण तिची मुदत झाली, ती कडक पिवळी दिसू लागली की “अजून चिकटलेली आहे, राहू दे” म्हणू नका. फार उशीर केला तर ती तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डिंक गाडीवरच राहतो. घरी ओढायला जाऊ नका. ती गरम करून, अगदी निमुळत्या कोनात, हळूहळू सोलावी लागते. हे काम बसवणाऱ्याचंच. आणि एखादा पत्रा अपघातानंतर बाहेर रंगवून घेतलेला असेल तर त्याला ते आधी सांगा. कंपनीचा भट्टीतला रंग टिकून राहतो, पण नंतर मारलेला रंग फिल्मबरोबर उचलून येऊ शकतो. तसाच नव्याने रंगवलेल्या पत्र्यावर लगेच फिल्म बसवू नये, रंग पुरता वाळायला काही आठवडे द्यावेत. किती, ते रंगाऱ्याला विचारून घ्या आणि फिल्मवाल्याकडे जाताना त्या पत्र्याच्या रंगकामाचं बिल बरोबर ठेवा.